हत्तीरोगाचे उच्चाटन आणि मागे राहिलेले रुग्ण

कुंभकोणम (तमिळनाडू) : थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रांत जानेवारी 1910 मधील एका शस्त्रक्रियेचा उल्लेख येतो. आदल्या वर्षी, 1909 मध्ये, त्यांचा विवाह झाला होता आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांना अंडवृद्धीचा, म्हणजेच हायड्रोसीलचा, त्रास सुरू झाला. वृषणाभोवतीच्या आवरणात साचलेला द्रव काढून टाकण्याची ही शस्त्रक्रिया फारशी अवघड नव्हती. परंतु कुंभकोणमच्या एका साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या वडिलांच्या संसारात तिच्या खर्चाची सोय होत नव्हती. अखेर एका डॉक्टरने ती विनामूल्य केली. त्यानंतरच रामानुजन नोकरीच्या शोधात घराबाहेर पडू शकले आणि 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून रुजू झाले.

हायड्रोसीलची कारणे अनेक असतात आणि रामानुजन यांच्या बाबतीत नेमके कोणते कारण होते, हे आज ठरवता येणार नाही. मात्र हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात प्रौढ पुरुषांना होणाऱ्या हायड्रोसीलचे प्रमुख कारण हत्तीरोगाचा जंत हेच असते आणि कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणम हे गाव या रोगासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेले आहे. तमिळ भाषेत या रोगाला ‘यानैक्काल’ म्हणतात. त्याचा अर्थ हत्तीचा पाय. मराठीतील ‘हत्तीपाय’ हा शब्दही त्याच अर्थाचा आहे.

भारताने 2027 पर्यंत हत्तीरोगाच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. या मोहिमेची चर्चा बहुधा गोळ्यांच्या वाटपाभोवती फिरते. परंतु गोळ्यांनी रोगाचा प्रसार थांबतो, आधीच सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. ज्यांना हा रोग वीस किंवा तीस वर्षांपूर्वी जडला, त्यांना आयुष्यभर निगेची गरज असते. त्या निगेसाठी लागणारे साहित्य महाग नाही. साबण, स्वच्छ पाणी, कोरडे फडके आणि घरच्या माणसांची साथ एवढ्यावर तिचा मोठा भाग पूर्ण होतो.

जुन्या पाण्याचा रोग

कुंभकोणमच्या उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार नदी वाहते. दर बारा वर्षांनी ज्या तलावात स्नानासाठी लाखो भाविक जमतात, तो महामहम तलाव याच गावात आहे. याखेरीज मंदिरांची अनेक पुष्करणी, भातशेतीचे कालवे आणि दाट वस्तीतील गटारे अशा पाण्याच्या नाना रूपांनी हा परिसर व्यापलेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भोसले घराण्याची सत्ता असलेल्या तंजावर राज्यातले हे गाव असल्याने मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही.

हत्तीरोग आणि पाणी यांचा संबंध भारतीय वैद्यकाने फार पूर्वी हेरला होता. आयुर्वेदात या रोगाला ‘श्लीपद’ असे नाव आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशात श्लीपद विशेषकरून होते, असे निरीक्षण प्राचीन वैद्यांनी नोंदवले आहे. पाणी आणि रोग यांच्यामधील दुवा डास हा आहे, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. टिमोथी लुईस यांनी 1872 मध्ये कोलकात्यात माणसाच्या रक्तात या जंताची सूक्ष्म पिल्ले पाहिली. जोसेफ बँक्रॉफ्ट यांना 1876 मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे प्रौढ जंत सापडला. चीनमधील अमोय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये या पिल्लांची वाढ डासाच्या शरीरात होते, हे दाखवून दिले. कीटकाच्या शरीरात वाढून माणसाला जडणारा रोग प्रथमच अशा रीतीने समजला आणि पुढे हिवतापाच्या संशोधनाला त्यातून दिशा मिळाली.

भारतात हा रोग मुख्यत्वे ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ या जंतामुळे होतो आणि ‘क्युलेक्स’ जातीचा डास त्याचा प्रसार करतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. क्युलेक्सला मात्र घाण पाणी मानवते. तुंबलेली गटारे, उघड्या शौचटाक्या, सांडपाण्याचे खड्डे ही त्याची घरे. म्हणूनच ज्या गावांची वस्ती वाढली, पण सांडपाण्याची व्यवस्था तिच्या मागे पडली, तेथे हा रोग ठाण मांडून बसला.

डासाच्या चाव्यापासून सुजेपर्यंत

बाधित डास चावतो तेव्हा जंताच्या अळ्या त्वचेवर उतरतात आणि चाव्याच्या जागेतून शरीरात शिरतात. तेथून त्या लसिकावाहिन्यांत पोहोचतात. लसिकासंस्था ही शरीराची निचरा करणारी व्यवस्था आहे. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून ती पुन्हा रक्तात आणून सोडते आणि रोगजंतूंशी लढण्याचेही काम करते. या बारीक वाहिन्यांत जंतांच्या नर-माद्या दोऱ्याच्या गुंत्यासारख्या एकत्र राहतात. प्रौढ जंत साधारण सहा ते आठ वर्षे जगतो आणि मादी त्या काळात लाखो सूक्ष्म पिल्लांना जन्म देते.

ही पिल्ले दिवसा शरीराच्या आतील भागांत दडून राहतात आणि रात्री, विशेषतः दहा ते दोनच्या सुमारास, हातापायांच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. त्यामुळे आरोग्य कर्मचाऱ्यांना या रोगाच्या तपासणीसाठी रात्री घरोघर जाऊन बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. अलीकडे दिवसाही करता येणाऱ्या पट्टीच्या चाचण्या उपलब्ध झाल्या आहेत.

एका चाव्याने सहसा हा रोग होत नाही. अनेक महिने किंवा वर्षे वारंवार चावे व्हावे लागतात. बहुतेकांना लागण बालपणी होते आणि कित्येक वर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. या काळात लसिकावाहिन्या आतल्या आत रुंदावतात, त्यांच्या झडपा निकामी होतात आणि निचरा मंदावतो. सूज दिसते ती ऐन उमेदीच्या वयात. प्रथम ती संध्याकाळी येते आणि रात्रभर पाय उंचावर राहिल्यावर ओसरते. पुढे ती ओसरेनाशी होते, कातडी जाड होते, घड्या पडतात, गाठी येतात. पायाप्रमाणेच हात, स्तन आणि जननेंद्रियांवरही सूज येऊ शकते. जगभरात सुमारे अडीच कोटी पुरुषांना हत्तीरोगजन्य हायड्रोसील आणि दीड कोटीहून अधिक लोकांना हातापायांची सूज असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

एका गोळीचा दीर्घ प्रवास

हत्तीरोगावर आजही वापरले जाणारे मुख्य औषध म्हणजे डायइथाइलकार्बामाझिन, अर्थात ‘डीईसी’. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आणि मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात हे औषध तयार झाले. हत्तीरोगाने ग्रासलेल्या प्रदेशातून परदेशी गेलेल्या संशोधकाने आपल्या देशाला दिलेली ही मोठी देणगी होय.

भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. रात्रीची रक्ततपासणी, बाधितांना औषध आणि डासांच्या अळ्यांचा नाश ही त्याची सूत्रे होती. परंतु लक्षणे नसलेले असंख्य लोक तपासणीतून निसटत. म्हणून पुढे विचार बदलला. रोगप्रवण भागातील सर्वच पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध द्यायचे, म्हणजे रक्तातील पिल्ले नष्ट होतील आणि डासाला नेण्यासारखे काही उरणार नाही. जागतिक आरोग्य परिषदेने 1997 मध्ये उच्चाटनाचा ठराव केला आणि भारताने 2004 पासून सार्वत्रिक औषधोपचार मोहीम देशभर राबवली. डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आणि निवडक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही देण्यात येऊ लागले. तीन औषधांच्या या पद्धतीचा अवलंब महाराष्ट्रात 2019 च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यापासून झाला.

तमिळनाडूत औषधवाटपाच्या अनेक फेऱ्यांनंतर रक्तातील जंतांचे प्रमाण निकषाखाली आले आणि बहुतेक जिल्ह्यांत वाटप टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले. त्यानंतर सहा-सात वर्षे वयाच्या मुलांची तपासणी केली जाते. वाटप सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या या मुलांच्या रक्तात जंताचा मागमूस नसेल, तर प्रसार थांबला असे मानतात. शेजारच्या श्रीलंकेला 2016 मध्ये आणि बांगलादेशाला 2023 मध्ये उच्चाटनाची मान्यता मिळाली. भारतात मात्र अजूनही 20 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील तीनशेहून अधिक जिल्हे रोगप्रवण म्हणून गणले जातात.

गोळ्या न घेण्यामागे भीती हे एक कारण असते. औषध घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर येते. शरीरातील सूक्ष्म जंत मरत असल्यामुळे बहुधा ही लक्षणे उद्भवतात आणि एक-दोन दिवसांत थांबतात. म्हणजे ज्याला असा त्रास झाला, त्याला औषधाची गरज होती, असाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्या दिल्या जात नाहीत.

सूज वाढते कशाने?

हत्तीपाय झालेल्या व्यक्तीच्या शरीरात अनेकदा जिवंत जंत उरलेला नसतो. तरीही सूज वाढत जाते. याचे उत्तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत सापडते. निचरा बिघडलेल्या पायात रोगप्रतिकाराची शक्ती क्षीण झालेली असते. बोटांमधील चिखल्या, टाचेच्या भेगा, खरचटलेली जागा किंवा नखाजवळची जखम यांतून साधे जीवाणू आत शिरतात. मग अचानक थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो आणि जांघेत गाठ येते. हा झटका काही दिवसांत ओसरतो, पण प्रत्येक झटक्यात लसिकावाहिन्यांची आणखी हानी होते. पुढच्या वेळी सूज आधीपेक्षा जास्त उरते आणि वाढलेल्या सुजेमुळे नवा झटका येण्याची शक्यताही वाढते.

म्हणजे सूज सुरू करतो जंत, पण ती वाढवतात जीवाणू. हे एकदा लक्षात आले की रुग्णाच्या हातात काय आहे, तेही स्पष्ट होते. जीवाणूंची वाट बंद केली तर झटके कमी होतात आणि झटके कमी झाले तर सूज वाढण्याचे थांबते. सुरुवातीच्या टप्प्यात ती काही अंशी उतरतेही.

रोजची निगा

या निगेचे वेळापत्रक सोपे आहे. अवघड आहे ते सातत्य. दिवसातून किमान एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, पाय साध्या साबणाने आणि कोमट किंवा साध्या तापमानाच्या स्वच्छ पाण्याने धुवावा. घड्या आणि बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने साफ कराव्यात. घासू नये, ब्रश वापरू नये. नंतर मऊ, स्वच्छ फडक्याने टिपून पाय पूर्ण कोरडा करावा. बेचक्यांत ओल राहिली तर धुण्याचा उपयोग उरत नाही. चिखल्या असल्यास डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम आणि जखम असल्यास जंतुनाशक मलम लावावे. निरोगी पायही त्याच रीतीने धुवावा, कारण दोन्हींची तुलना केल्याने नवा बदल लवकर लक्षात येतो.

बसताना पाय स्टुलावर आणि झोपताना उशीवर उंच ठेवावा. टाच वर-खाली करणे, घोटा गोल फिरवणे असे व्यायाम दिवसातून अनेकदा करावेत. पोटरीच्या स्नायूंच्या हालचालीने साचलेला द्रव पुढे सरकतो. चप्पल किंवा बूट सैल, मऊ आणि पाय झाकणारे असावेत. अनवाणी चालू नये. दाब देणारी पट्टी बांधायची असेल तर ती प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकूनच बांधावी.

झटका आला असता मात्र व्यायाम, मालिश आणि पट्टी थांबवावी. पायाला विश्रांती द्यावी, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, भरपूर पाणी प्यावे आणि ताप-वेदनांवरील औषधाबरोबरच प्रतिजैविकासाठी डॉक्टरांकडे जावे. गरम शेक देणे, पायाला डाग देणे, सूज फोडण्याचा प्रयत्न करणे किंवा पाला बांधणे यांमुळे नवीन जखमा होऊन संसर्ग वाढतो. ‘हत्तीरोगाची गोळी’ हा या झटक्यावरील उपाय नव्हे आणि झटका सुरू असताना ती घेऊ नये.

केरळमधील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मॅटॉलॉजी या संस्थेने त्वचेची स्वच्छता, दाबपट्टी, योगासने आणि आयुर्वेदातील निवडक उपचार यांची सांगड घालून हत्तीपायाच्या रुग्णांवर उपचारपद्धती विकसित केली आहे. घरी करता येईल अशी निगा रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना शिकवणे, हा तिचा महत्त्वाचा भाग आहे.

पुरुषांमधील हायड्रोसीलबाबत तर निराशेचे कारणच नाही. पायाची सूज नियंत्रणात ठेवता येते, हायड्रोसील मात्र शस्त्रक्रियेने बरे करता येते. जी सोय रामानुजन यांना एका डॉक्टरच्या औदार्यामुळे लाभली, ती आज सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळू शकते. तरीही अनेकजण संकोचापोटी वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात, धोतराआड किंवा लुंगीआड लपवतात आणि हळूहळू अंगमेहनतीचे काम सोडून घरी बसतात.

रुग्णामागचे माणूस

हत्तीरोगाने मृत्यू क्वचितच येतो, आणि म्हणूनच त्याची दखल कमी घेतली जाते. रोगाचा भार मोजायचा तर तो बुडालेल्या मजुरीत, मोडलेल्या सोयरिकीत आणि टाळलेल्या समारंभांत मोजावा लागतो. भाताच्या शेतात गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्या मजूर स्त्रीला पाय कोरडा ठेवण्याचा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळायचा तर तिला दुसरे काम मिळाले पाहिजे. विणकराच्या मागावर दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्याला मध्येच उठण्याची मुभा हवी. पाणी दूरवरून आणावे लागत असेल, तर रोज पाय धुण्यासाठी बादलीभर पाणी बाजूला ठेवण्याचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून घ्यावा लागतो.

या रोगाभोवती गैरसमजही आहेत. हत्तीपाय स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा सहवासाने पसरत नाही. तो आनुवंशिक नाही आणि पापाचे फळही नाही. एकाच घरात दोघांना तो झाला, तर त्याचे कारण दोघांना चावणारे डास एकाच गटारातले असतात, हे आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आईची सूज लपवण्याची गरज नाही, हे सांगण्याचे काम शाळा, बचत गट आणि आशा सेविका परिणामकारकरीत्या करू शकतात.

आर्थिक आधाराच्या बाबतीत तमिळनाडू सरकारची योजना उल्लेखनीय आहे. सूज चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीला पोहोचलेल्या रुग्णांना तेथे दरमहा एक हजार रुपये निर्वाह साहाय्य दिले जाते. रक्कम मोठी नाही. परंतु या रुग्णांची यादी सरकारदरबारी आहे आणि त्यांची जबाबदारी प्रसार थांबल्यावरही संपत नाही, ही भूमिका त्यातून व्यक्त होते. एखाद्या देशाला उच्चाटनाची मान्यता देताना जागतिक आरोग्य संघटनाही दोन गोष्टी पाहते. प्रसार थांबला आहे की नाही, ही पहिली. आणि सूज व हायड्रोसील असलेल्या रुग्णांची मोजणी होऊन त्यांना सेवा मिळते आहे की नाही, ही दुसरी.

विदर्भासाठी अर्थ

महाराष्ट्रात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे हत्तीरोगासाठी दीर्घकाळ ओळखले जातात. कुंभकोणमप्रमाणेच धानाची शेती, तलाव आणि तुंबणाऱ्या नाल्या ही तेथील अनेक गावांचीही ओळख आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने या रोगाच्या निदानासाठी रक्तचाचण्यांवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. औषधवाटपाच्या राष्ट्रीय फेऱ्या अलीकडे 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टपासून घेतल्या जातात. त्या वेळी गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात, असा आग्रह धरला जातो; कारण घरी नेलेल्या गोळ्या पुष्कळदा फळीवर पडून राहतात. स्वतःला काही झालेले नाही असे वाटणाऱ्यांनीही त्या घेणे आवश्यक आहे. लक्षणे नसलेली बाधित व्यक्तीच डासाला जंत पुरवत असते.

डासांच्या बाबतीतही घरपातळीवर करता येण्याजोगे बरेच आहे. शौचटाकीच्या वायुनळीला जाळी बसवावी, टाकीची झाकणे घट्ट करावीत, सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा, नाली वाहती ठेवावी आणि मच्छरदाणीत झोपावे. तमिळनाडूतील प्रयोगांत बंदिस्त टाक्यांतील पाण्यावर थर्मोकोलच्या मण्यांचा थर पसरून क्युलेक्सची पैदास रोखण्यात यश आले होते. पुदुच्चेरी येथे 1975 मध्ये स्थापन झालेल्या रोगवाहक कीटक नियंत्रण संशोधन केंद्रानेही अशा उपायांचा एकत्रित वापर करून पाहिला आहे.

ज्या घरात हत्तीपायाचा रुग्ण आहे, त्या घराने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची नोंद करून घ्यावी. नोंद झालेल्या रुग्णांना निगेचे प्रशिक्षण आणि बादली, मग, साबण, टॉवेल, मलम असे साहित्य देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. हायड्रोसील असल्यास ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मागावी. पायाला नव्याने भेग पडली आहे का, बोटांत ओल राहिली आहे का, हे रोज रात्री पाहण्याचे काम घरातील एखाद्याने आपल्याकडे घ्यावे. फार सुजलेल्या पायाच्या बोटांपर्यंत रुग्णाचा स्वतःचा हात पोहोचत नाही. तेथे दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो.